नाक

चौदा वर्षं कॅनचं झाकण उघडते,
वाकते, एक श्वास घेते आणि सांगते:
हे घ्या. हे परत.
वैरण बुरसलेली होती, म्हैस आजारी होती,
कॅन उन्हात वाळवला नव्हता –
दुधाआधी मला गोठा कळतो.
कागल रोडच्या शीतकरण केंद्रावर
माझ्या नाकावर कुणी अपील करत नाही.

आणि माझ्याच गाडीत एसी लावला की
कुणीतरी मेल्यासारखं.

मॅट धुतल्या. डिकीतून एक कांदा निघाला,
तोही निर्दोष.
कापूर ठेवला, लिंबू कापून ठेवलं,
आरशाला मोगऱ्याची बाटली टांगली,
मग मोगऱ्यात मेल्यासारखं.
उचगावच्या पुलाखाली काचा खाली घेतल्या
तर ट्रकचा धूरसुद्धा बरा वाटला.

तेव्हा मी मागच्या सीटकडं बघितलं.
तिथं नंदा सातपुते बसायची,
सुभाषनगरातून कणेरीपर्यंत,
मांडीवर बोचकं: चपलांचे तळ, पट्टे,
बायकांना वेणी घालायला द्यायच्या कातडी वाद्या.
मी काही म्हणाले नाही.
एवढंच, की बोचकं डिकीत ठेवलं तर?
तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं.
"बाभळीच्या सालीत कमावलेलं हाय, मॅडम.
कमावलेलं कातडं कुजत न्हाई."
आणि डिकीत ठेवलं.
दुसऱ्या दिवशी ती स्टॉपवर नव्हती.
वास होता.

उद्यमनगरात, दोन लेथच्या खरखरीमध्ये,
इलाही मुजावरनं बॉनेट उघडलंच नाही.
स्टुलावर बसून नाडी बघितल्यासारखं विचारलं:
"चालू केल्या केल्या येतोय, का सारखाच?
बाहेरची हवा घेतली तर?
आंबूस हाय का गोडूस?"
गोडूस, म्हणाले,
आणि माझी मलाच लाज वाटली.
हा प्रश्न मी दुधाला रोज विचारते.
गाडीला विचारला नव्हता.
माणसालाही.

"आंबूस असता तर कॉइलवरची बुरशी. फवारा मारला, संपलं.
गोडूस म्हंजे आत जीव हाय. म्हंजे, व्हता."
"तुम्हाला येतोय ना, वास?"
"मला? करोनानं नाक नेलं, अजून आणून दिलं न्हाई.
म्हणून तर असली कामं पोरं माझ्याकडं ढकलत्यात."

ग्लोव्हबॉक्स निघाला. फिल्टर निघाला,
चुलीमागच्या भिंतीसारखा काळा, पाचटाच्या काड्यांनी भरलेला.
मग ब्लोअर. त्यानं पंखा बोटानं फिरवला,
कान लावला, अर्ध्या फेऱ्यात थांबला.
"हितंय."

घरटं होतं. सीटचा फोम, फिल्टरचा कापूस,
आणि माझ्याच गुलाबी पावत्या, 'परत'चा शिक्का मारलेल्या,
बारीक कुरतडून अंथरलेल्या.
मधोमध एक उंदरी. तिच्या पोटाशी चार,
नखाएवढी.
कातड्याचा एक धागाही नव्हता.
मी बघितलं. दोनदा.

इलाहीनं ते जुन्या पेपरात गुंडाळलं, हळू,
कुणाला तरी द्यायचं असल्यासारखं.
हात धुतले, नाकाशी नेले सवयीनं,
आणि हसला.
"साडेआठशे द्या. जाळी बसवलीय.
आन् गुळाच्या गोदामाशेजारी गाडी लावू नका."

सकाळी सुभाषनगरच्या स्टॉपवर ती होती.
मी पुढचं दार उघडलं.
रात्रभर घोकलेलं वाक्य घशातच राहिलं.
"उंदीर होता," एवढंच आलं.
"निघाला का?"
"निघाला."
"बरं झालं," ती म्हणाली,
आणि मागून आलेल्या वडापला हात केला.
बोचकं आधी आत गेलं, मग ती.

काचा लावल्या. एसी लावला.
गार, कोरी हवा.
केंद्राच्या गेटात गाडी बंद करून मागं वाकले, एक श्वास घेतला.
सीटच्या कापडात, अगदी पुसट,
बाभळीची साल.
तुरट, कोरडी, स्वच्छ.
पलीकडं कॅन उतरायला लागले होते.