वन पॉइंट एट

लेन्स जुनीच घेतली, नागपुरात,
बर्डीवरच्या एका जिन्याखालच्या दुकानात.
आत, कडेला, बुरशीचा एक ठिपका.
"फोटोत दिसत नाही," दुकानदार म्हणाला,
किंमत मात्र त्या ठिपक्यावरूनच तुटली.
पंच्याऐंशी एमएम. झूम नाही.
जवळचं पाहिजे तर आपणच जवळ जायचं.

आधी शाळेची पट्टी टेबलावर तिरपी ठेवली:
पंधरावर नेम धरला, सोळा उमटला.
तेवढं कॅमेऱ्यात सावरून घेतलं.
मग नामाजी वाढईला दारात बसवलं.
रंधा बाजूला ठेवून तो ताठ झाला,
जसा काही आधार कार्डाचाच फोटो.
"हालू नको." "हालतो कुठं बे मी?"
श्वास घेतला तरी चुकत होतं.
अकराव्या खेपेला उजवी पापणी आली, केस न् केस,
त्यात अडकलेला सागाचा भुसासुद्धा;
नाकाचा शेंडा मऊ,
आणि कान धुक्यात.
त्यानं पडद्यावर पाहिलं, मग हातानं चाचपलं.
"कान कुठी गेले बाप्पा माहे?"

संध्याकाळी घाटंजीला, जिनिंगच्या जुन्या गोदामात
मुलींची कबड्डी.
भिंतींतून सरकीचा वास अजून गेलेला नाही.
वर बारा ट्यूब, त्यातल्या तीन फडफडत्या;
एका फोटोत पोरी पिवळ्या, पुढच्यात हिरव्या.
झूमनं इथं नुसती सावल्यांची झटापट यायची.
आज भिंग सताड उघडं:
असेल नसेल तेवढा उजेड, ये आत.
सेकंदाचे पाचशे तुकडे, त्यातला एक माझा.

शेवटची चढाई दामिनी कुमरेची.
दोघी पायाला, एक कमरेला,
आणि ती तिघींना ओढत मधल्या रेषेकडे,
हात पुढे, थेट माझ्याकडे,
मी बटण दाबलं.

पंच म्हणाले, नाही पोचली.
गोंधळ. मग कुणाला तरी मी आठवलो.
पंच आले, दोन्ही संघ आले, चहावाला आला,
तळहाताएवढ्या पडद्यावर नुसती डोकीच डोकी.
डोळा होता. काय डोळा होता!
बुबुळात ट्यूब मोजता येत होत्या,
भुवईशी घामाचा थेंब थांबलेला.
पण बोटं? दुधात बुडवल्यासारखी.
रेषेचा तर पत्ताच नाही.
"काहून बे, एवढी महागाची, अन् रेघ दिसत नाई?"
काय सांगणार.
जी इतकं नीट पाहते, ती एकाच जागी पाहते.
एका गुणानं हरल्या.

दुसऱ्या दिवशी दामिनी दुकानात.
कोपराला पट्टी. वाटलं, रेषेवरून भांडेल.
स्वतःच्या डोळ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
मागे, खिडकीच्या गजांआड, एक करडा धब्बा;
मी तो भिंतीतच जमा धरलेला.
"गजभे सर," ती म्हणाली.
दोन सामन्यांची बंदी होती त्यांच्यावर, आत यायचं नव्हतं.
"चेहरा कुठं आहे त्यात?"
"असे कलून तेच उभे राह्यतात.
डावा गुडघा गेला ना त्यांचा."

कापून नुसता तुझा चेहरा मोठा करतो, म्हटलं, झकास येईल.
"नाही. पूर्ण पाह्यजे."
आठ बाय बारा. ऐंशी रुपये,
त्यातले वीस चिल्लर.

ती गेल्यावर लेन्स उजेडात धरली.
ठिपका होता तिथंच होता.
नामाजीनं मात्र फोटो नेला नाही अजून.
कान लावून दे म्हणतो.