खिएम झोपलाय तोवर

यादी मैत्रिणीनं दिली होती.
राजवाडा. सात मजल्यांचा पॅगोडा.
राजांच्या कबरी, निदान तीन.
पूल दिवे लागल्यावरच.
खाण्याचं पान वेगळं,
तिखटापुढे दोन फुल्या.

ह्वे शहरात सकाळी सातला ऊन दारात उभं,
उधारी वसूल करायला आल्यासारखं.
खिएमच्या सायकलरिक्षात बसणारा पुढे,
चालवणारा मागे,
म्हणजे स्कूटरींचा लोंढा आधी मला भेटतो,
मग त्याला.

दिएपच्या गाडीवर शिळा भात,
त्यावर तिसऱ्या, करंगळीच्या नखाएवढ्या,
केळफूल, कमरख, शेंगदाणे,
आणि चमचाभर जांभळट काहीतरी.
सुकटीचा डबा उघडा राहिला
की घर कसं वागतं, तसा वास.
मी तीन घास खाल्ले.
दिएपनं काहीतरी विचारलं.
खिएम म्हणाला, विचारतेय, रडतेस का.
म्हटलं, मिरची, सांग.
तेच सांगितलं, म्हणाला, तिला पटत नाही.

पॅगोड्याचे मजले मोजले, सहा भरले.
पुन्हा मोजायला मान वर होईना.

कबरीत राजा नाहीच म्हणे.
कुठं पुरला ते कुणाला ठाऊक नाही,
पुरणाऱ्यांनाही जिवंत ठेवलं नाही, म्हणतात.
खिएमनं हे तिकीटखिडकीसमोर सांगितलं,
कांद्याचा भाव सांगावा तसं.
मग आत जाऊन भेटायचं कुणाला?
आम्ही उसाचा रस प्यायलो आणि परत फिरलो.

साडेअकरा.
राजवाड्याच्या खंदकापाशी, बदामाच्या झाडाखाली
खिएम म्हणाला, दहा मिनिटं.
माझ्या जागेवर बसला,
पाय माझ्यासारखेच पसरले
आणि झोपला.
शहरही तसंच आडवं झालेलं.
शटरं अर्धी खाली,
ट्रकच्या खाली झोळी, झोळीत ड्रायव्हर,
भिंतीलगतच्या एक वीत सावलीत
एक कुत्रं लांबीला पुरेल तेवढं.

मी त्याच्या सीटवर चढले,
सावली तेवढीच उरली होती.

तेवढ्यात एक आजी आली.
एका हातात कमळाच्या बोंडांची जुडी,
दुसऱ्यात टोपली, टोपलीत दोन बदकं,
पाय बांधलेली, चेहरे सभेच्या अध्यक्षांचे.
तिनं मला पत्ता सांगितला.
मी मान हलवली.
तिनं भाडं वाढवलं.
मी पुन्हा मान हलवली.
तिनं बदकांकडे बोट दाखवलं,
जणू त्यांना उशीर होतोय.
मग तिला पुढे झोपलेला खिएम दिसला,
आणि ती हसली, तोंडावर हात दाबून,
त्याची झोप मोडू नये म्हणून.

उठवता आलं असतं.
तिनं उठवलं नाही, मीही नाही.
ती फुटपाथवर बसली, मी खाली उतरून शेजारी.
बोंड फोडायचं, बी काढायची,
हिरवी साल नखानं सोलायची.
आत पांढरी बी, ओल्या शेंगदाण्यासारखी,
आणि तिच्या पोटात एक हिरवा कोंब, बारीक.
मी तो खाल्ला. कडू जहर.
आजीनं माझ्या हातावर चापट मारली
आणि दाखवलं: बी खायची, कोंब ठेवायचा.
दोन तळवे जोडून गालाखाली घेतले,
डोळे मिटले.
झोपेसाठी.
मी खिएमकडे पाहिलं.
तिनं नाही म्हटलं. त्याला नाही.
माझ्या डोळ्यांखाली बोट फिरवलं.

ही कधी पाहिलं तिनं, कोण जाणे.

दहा मिनिटं तीन वाजता संपली.
खिएम उठला, आमच्याकडे पाहिलं,
कसलीही माफी न मागता म्हणाला, आधी बदकं.
आम्ही दोघी एका सीटवर, टोपली माझ्या मांडीवर.
राजवाडा बंद झाला तेव्हा
आम्ही बाजारामागच्या गल्लीत
चिरलेला बर्फ घातलेली मुगाची खीर खात होतो,
आणि बदकं कुणाच्या तरी अंगणात पाणी पीत होती.

कोंब बांधायला कागद हवा होता.
खिशात यादीच होती, घामानं ओली.
आजीनं तिची पुडी केली,
किराणावाल्यासारखी, चारी कोपरे आत.

हॉटेलच्या किटलीत उकळले ते रात्री.
पाणी हिरवं झालं, दिएपच्या मिरचीहून परवडलं.
खिडकीतून पुलाचे दिवे दिसत होते,
जांभळे, मग लाल, मग