शंभरातून सात

तोरबियोर्गनं एकतीस वर्षं
वार्दोत टपाल वाटलं.
परवा स्वतःच्याच दारात थबकली:
हे घर कुणाचं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
मग खिडकीबाहेर एक होडी.
होडीचं नाव तिनं बरोबर सांगितलं.

रक्ताचा कागद आला: बी-बारा तळाला.
ती हसलीच.
संपत आलंय ते हे होय,
मी नव्हे.

"इंजेक्शनं सुरू करू. काही परत येईल.
सगळं येईलच असं नाही."

दंड चोळत ती उतारावरून निघाली.
नोव्हेंबर. दुपारी दोनलाच अंधार.
एकेका उजळ खिडकीपाशी थांबत,
आडनाव पुटपुटत.
पिवळ्या घराशी
जरा जास्त वेळ उभी राहिली.