सतरा नंबरची पिन

रात्री पावणेदोनला यासीन पट्टी उभी धरतो,
मी दुर्बिणीला डोळा लावते.
पूरभिंतीत ठोकलेल्या पितळी पिनांना नंबर आहेत,
एक ते चाळीस, संगमाकडून वर.
खाली, मुठेच्या तळाखाली सोळा मीटरवर
यंत्र दिवसाला आठ रिंगा पुढे सरकतंय
आणि वर काहीच होत नाहीये.
काहीच होत नाहीये, हे दर दोन तासांनी
लिहून ठेवायचा मला पगार मिळतो.

उणे दोन. उणे दोन. उणे तीन.
पहाटे, सतराव्या पिनेपाशी, उणे सात.
"परत बघा मॅडम, पट्टीखाली खडा आला असंल."
पुसून घेतलं, परत बघितलं.
खडा नव्हता.

पुणं म्हणजे काळा पाषाण, हे शाळेपासून पाठ.
पण नदीनं कधीतरी कूस बदललीय,
तिचं जुनं पात्र गाळानं बुजून
या भिंतीखालून तिरपं गेलंय,
बोअरच्या दोन भोकांच्या बरोब्बर मधून.
तिथं यंत्राचा दगड सुटला,
चुलीतली राख उकरावी तशी
भसाभसा माती आली.
दाब वाढवला तर पात्रात फेस उठतो,
पुलावरचे म्हणतात, कुणीतरी साबण सोडला.
दाब उतरवला तर भिंत बसते.
मधे जागा आहे ती एका अंगठ्याखालच्या बटणाएवढी,
आणि तो अंगठा सोमरा ओरांवचा,
गुमल्याहून आलेला.
शाफ्टमधून उतरतो, शाफ्टमधून वर येतो,
चार महिने नदीखाली आहे,
नदी त्यानं पाहिलेली नाही.

शेवटचा आकडा अकरा.
परवानगी पंधरापर्यंत,
म्हणून तक्त्यात सतराचा रकाना हिरवा.

भिंतीमागं शेवंताबाई ओव्हाळांचं दार.
चौकटीवर गेरूच्या रेघा, दर पुराची एक,
सर्वांत वरची माझ्या खांद्याला लागते.
"किती खाली गेली म्हणता?"
अकरा मिलिमीटर.
"म्हणजे केवढी?"
मी करंगळी आडवी धरून दाखवली.
बाई बराच वेळ बोटाकडे बघत राहिल्या.
"मागल्या साली पाणी भिंतीच्या काठाला आलं होतं.
तीन बोटं उरली होती.
त्यातली करंगळी तुम्ही नेली."

मी म्हणाले, मर्यादेत आहे.
त्या म्हणाल्या, चहा घ्या.

जुलैत खडकवासल्यातून सोडलं, पस्तीस हजार.
भिडे पूल बुडाला, माणसं फोटो काढायला जमली.
शाफ्टवर पत्रे टाकून काम थांबवलं,
यंत्र पलीकडच्या काठाखाली मुकाट उभं.
रात्री सोमरा भिंतीपाशी आला,
कुणाची तरी छत्री घेऊन.
पाण्याकडे बघितलं, पायांकडे बघितलं,
"इसके नीचे?" म्हणाला,
आणि भिंतीवरून एक पाऊल मागं सरकला.

पाणी काठावरून आलं नाही.
दोन बोटं खाली थांबलं, सतराच्या डावीकडे
भिंतीचा सांधा शोधून
सुतळीएवढी धार
शेवंताबाईंच्या अंगणात उतरली.
कुणी ओरडलं नाही.
त्यांनी लुगड्याची चिंधी वळली, सांध्यात कोंबली,
सोमरानं पेचकसाच्या मुठीनं ती आत ठोकली,
यासीन टॉर्च धरून.
मी वही उघडली.
खचणं, कलणं, कंपन, भेगेची रुंदी:
चिंधीला रकाना नव्हता.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं.
शेवंताबाईंनी गेरू भिजवला,
दाराकडे गेल्याच नाहीत.
बाहेर आल्या, सतरा नंबरच्या पिनेशेजारी
पाणी थांबलं होतं तिथं
भिंतीवर आडवी रेघ ओढली,
बोट पदराला पुसलं.

"आता हीपण वाचत जा," म्हणाल्या.
यासीननं माझ्याकडे बघितलं
आणि पट्टी रेघेवर टेकवली.