रुमालाखाली

तेजपालशेठ म्हणाले, सनगर, तुम्हाला त्यातलं कळतं,
तुम्हीच बसवा.
कळतं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद
न फाडता काढता येतो मला, एवढंच.
तरी बसवलं.
तीन कॉम्प्युटर, त्यातला एक माझा.
दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो,
कुणी किती कळा दाबल्या त्याची मोजदाद,
माउस हलला नाही की लाल अक्षरात:
निष्क्रिय.
शेठचा कॉम्प्युटर यादीत नव्हता.

सांगली मार्केट यार्डात खाली पोती, वर माळ्यावर आम्ही.
पंखा लावला की हळद जिना चढून येते.
खरं तर सॉफ्टवेअरचा खर्च वाचला असता,
कोण काय करतं ते की-बोर्डवरच दिसतं.
ऐवळेचे आकडे पिवळेधमक,
नीलोफरची बॅकस्पेस सगळ्यात पिवळी.

पहिला अहवाल.
ऐवळे, निष्क्रिय, दोन तास चाळीस मिनिटं.
ते दोन तास चाळीस मिनिटं तो खाली काट्यापाशी होता,
वसमतहून आलेली पोती चाचपत.
हळकुंड कानाशी धरून मोडायचं,
खणकन तुटलं तर वाळलेलं.
कानाचा फोटो निघत नाही.

शेठचे वडील रुमालाखाली सौदे करायचे.
मी नवा लागलो होतो तेव्हा, पाहिलंय.
दोन माणसं समोरासमोर,
तोंडानं हवापाण्याच्या गप्पा,
आणि कापडाखाली बोटं बोटांना धरून
भाव बोलतायत.
खेटून उभ्या माणसालाही पत्ता नसायचा.
त्याच पेढीत आता
कुणाचं बोट कितीदा खाली गेलं
ते संध्याकाळी सहाला माझ्याकडे मोजून येतं.

फोटो उघडताना
दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं व्हायचं.
शिरायचो मात्र रोज.
खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून डबा मी माझ्याच टेबलावर खातो.
कुणी नको म्हणालं नाही.
फक्त मी जिन्यावर आलो की
वरचं हसणं थांबतं.

बुधवारचा फोटो, एक वाजून वीस मिनिटं.
नीलोफरचा पडदा. आवकेचा तक्ता,
आणि पार तळाशी, रिकाम्या चौकटीत:
सनगरकाका, शेवग्याची आमटी आणलीय.
डबा घेऊन इकडे या.
एक तीसच्या फोटोत चौकट कोरी.

मी वाचलं तेव्हा सव्वासहा झाले होते.
ती मिरजेच्या बसमध्ये बसली असेल,
आमटी संपली असेल.
फोटोची वेळ मी कुणाला सांगितली नव्हती.

गुरुवारी, एक वीस:
काका, काल वाट बघितली.

शुक्रवारी एक वाजता उठलो.
चार पावलांचं अंतर, पण खुर्ची ओढत नेली
तेव्हा फरशीवर केवढा आवाज झाला.
डब्याचा रुमाल सोडून टेबलावर पसरला.
ऐवळेनं लोणचं माझ्या बाजूला सरकवलं.
नीलोफर म्हणाली, ऊन वाढलंय नाही?
मी म्हणालो, हो ना, यंदा लवकरच.
त्याहून जास्त कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळच्या अहवालात
तिघांच्याही नावापुढे लाल अक्षरात
पस्तीस मिनिटं.

शेठना तसाच पाठवला.