बोरकुटे झाड विकत नाहीत

अमरावती रोडच्या नर्सरीत
मी निळ्या हायड्रेंजियाची कुंडी उचलली, तर
बोरकुट्यांनी ती माझ्या हातून काढूनच घेतली.
"काहून नेता जी हे?
पचमढीकडचं हाय. आठ दिवसात मरून जाईन."

मग ठेवलंय कशाला?
"लोकं मागतेत."

त्यांनी मला उलट्या कुंडीवर बसवलं
आणि वैद्यासारखं एकेक विचारत गेले.
गच्चीचं तोंड कुणीकडं?
दोननंतर ऊन किती वेळ?
कूलरचं पाणी कुठं जाते?
मे महिन्यात गावाले जाता का?

जाते म्हटलं, सावंतवाडीला. पंधरा दिवस.
"हं," म्हणाले, आणि चहा मागवला.

अकरा वर्षांत मी काय काय आणलं होतं तिकडून!
ओल्या फडक्यात गुंडाळून, रात्रभर मांडीवर धरून,
अबोली, नेचे, एकदा सुरंगीचं रोप.
बडनेरा मागे पडलं की पानं हाताला गरम लागायची.
नेचा सगळ्यात आधी गेला, एप्रिलमध्येच,
चुरचुरून, पापडासारखा.
सुरंगीनं दोन उन्हाळे काढले.
तिसऱ्या नवतप्यात हिरवी जाळी बांधली, दिवसातून तीनदा पाणी घातलं,
आणि मुळं कुजली.
उन्हानं नाही. माझ्या हातानं.

बोरकुट्यांनी निवडलेलं असं:
मोगरा, "त्याले ताप पायजे."
बोगनवेल, "लाड नका करू, नुसती पानंच येतीन."
गोकर्ण जाळीवर. कोरफड कुठंही.
कन्हेर, पण घरात रांगतं पोर नसेल तरच.
"आन् कूलरचं उरलेलं पाणी तिलेच टाका, मोगऱ्याले नाही,
खार असते त्यात."
काळ्या मातीत मुरूम मिसळून दिला, पोत्याचे पैसे घेतले,
मुरमाचे नाही.

मी विचारलं, यात माझं काय?
सगळं तर तुमच्या गावचं.
ते पिशवीची गाठ मारत होते.
"अकरा वर्सं झाले म्हणता ना जी."

या मेमध्ये पारा सेहेचाळीसवर,
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
खसच्या ताट्यांचा वास घरभर,
आणि गच्चीवर बोगनवेल
लाज सोडल्यासारखी गुलाबी.
संध्याकाळी साडेसातला मोगरा उघडतो.
त्याच्याखालची फरशी तेव्हाही चपलेतून भाजते.
फुलं ओंजळीत घेतली तर तीही कोमट,
थोड्या वेळानं निवतात.

सावंतवाडीहून आईचा फोन आला,
अनंत फुललाय, कधी येतेस?
मी म्हटलं, जूनमध्ये बघू.
पहिल्यांदाच असं म्हटलं.

एक सांगायचं राहिलं.
न्हाणीघराच्या मागे, जिथं दिवसभर सावली असते
आणि नळ थेंब थेंब गळतो,
तिथं एका डालड्याच्या डब्यात अनंताची फांदी आहे.
गेल्या दिवाळीत आणलेली.
चार पानं होती, एक गळलं.
नळ मी दुरुस्त करून घेत नाही.
बोरकुट्यांना यातलं काही माहीत नाही.