मतमोजणी, डेमेरारा किनारा

तिसरीच्या वर्गात मतं मोजतो आहोत.
फळ्यावर नऊचा पाढा, कुणी पुसलेला नाही.
वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा
दोन्ही पक्षांच्या माणसांनी पेटीवर हात ठेवले,
अंधारात एकमेकांची बोटं चाचपत.

उजवीकडे डेओदत, भातगिरणीचा हिशेबनीस.
डावीकडे मिस युलाली हेन्स, निवृत्त सुईण,
जिने डेओदतला या जगात ओढून काढलं.
पायाळू होता.
आज सकाळपासून तो तिला मॅडम म्हणतो आहे.

वंशाचं नाव कुणीच घेत नाही.
विचारलंत तर सांगतील : रस्ता, ऊस, तेलाचा पैसा.
पण दिवसभर मी यादीतलं आडनाव पुकारलं
की दोघं आपापल्या वहीत रेघ ओढत होते.
आता त्या रेघा मोजल्या
तरी चालेल, पेटी नाही उघडली तरी.

एक नाव मात्र दोघांच्याही वहीत नाही.
माझं.
आई चंद्रौती, खाचरातली.
बाप युलरिक, बॉक्साइटच्या खाणीतला.
आईचा बाप म्हणायचा, मत म्हणजे आपन जात,
आणि मग मी ओट्यावर बसलेली दिसली
की खोकल्याचं निमित्त काढायचा.
त्याच्या पणज्याबरोबर जहाजातून जे उतरलं,
पितळेचा लोटा, लग्नाची गाणी, मोडकी भाषा,
त्यातला एकच शब्द माझ्या वाट्याला आला :
दोगला.
बाजारात मासळी तोलताना तो लाडानं येतो.
निवडणुकीच्या आठवड्यात
कुंपणावरून येतो. दोन्ही कुंपणांवरून.

सकाळी शाईत बोट बुडवलं
तर कारकून ते खिडकीशी नेऊन बघत राहिला,
जांभळं कुठे संपतं, मी कुठे सुरू होते.

तीनशे बारावी मतपत्रिका.
दोन्ही चौकटींत फुल्या.
घाईतल्या नव्हेत, चुकून नव्हेत.
सावकाश, ताठ रेघांच्या,
शुद्धलेखनाच्या वहीत काढाव्यात तशा.
कायद्यानं बाद.
डेओदत माझ्याकडे बघतो.
मिस युलाली माझ्याकडे बघते.
दिवसभरात त्यांचं पहिलं एकमत.

माझी नाही, मी म्हणते.

खरंच माझी नाही.
मी शिक्का उचलते, आणि शिक्का हातातच राहतो.
बाहेर फाटकाशी, झडपेच्या कालव्यावर,
निकालासाठी ताटकळलेला सगळा गाव :
त्यात आणखी कुणीतरी आहे.